तालुक्यात बोर्डाची आवक

“ह्याचं झाड कुठलं?”

वीस वर्षं होऊन गेली, तरी फर्निचरच्या एखाद्या चकचकीत दुकानात शिरले की आबांचा हा प्रश्न माझ्याआधी आत जाऊन उभा राहतो.

त्या दिवशी आबा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते आणि त्यांच्या मांडीवर मी आणलेला वीतभर चौकोनी तुकडा होता. तपकिरी, गुळगुळीत, चारी कडांनी सारखा. आबांनी तो उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेला, नखानं टोकरला आणि शेवटी जिभेचं टोक लावून पाहिलं.

“आबा, तो फायबर बोर्ड आहे. मलेशियातून येतो.”

“गाव न्हाई इचारलं. झाड इचारलं.”

ते मला ठाऊक नव्हतं. मी आपलं वाचलेलं सांगितलं की लाकूड कापसासारखं पिंजतात, त्यात डिंक घालतात आणि गरम साच्यात दाबून त्याची फळी करतात. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे पिठलं. आई आतून म्हणाली, पिठल्याला निदान चव असते.

आमचे आबा म्हणजे केदारी मिस्त्री. गडहिंग्लज तालुक्यात सागवानाचं कपाट करावं तर त्यांनीच. डोळे मिटून नुसत्या वासावर झाड सांगायचे. साग आहे की शिवण, फणस आहे की आंबा, आणि आंबा असला तर पाण्याजवळचा की माळावरचा. केलेल्या प्रत्येक कामावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, खणाच्या तळाला नाहीतर कपाटाच्या पाठीला, पटाशीनं एक लहानसं जोंधळ्याचं कणीस कोरायचे. ती त्यांची सही. गिऱ्हाइकाला दाखवायची नाही, हाही त्यांचाच नियम.

त्यांनी तो तुकडा उचलला, उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला आणि आत येऊन बसले.

“ह्याला करवत लावली, तर खंडेनवमीला हत्यारांच्या पाया पडायचा हक्क न्हाई मला.”

सुताराच्या घरात याच्यापुढे शपथ नसते. वर्षभर ज्यांनी पोटाला घातलं ती करवत, रंधा, लाकूड तासायची वाकस, पटाशी त्या दिवशी पाटावर बसतात आणि घरधनी त्यांच्यापुढे वाकतो.

मी मात्र त्याच बोर्डावर पोट भरायला निघाले होते. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या मनात आलं होतं की उसाचं चिपाड जाळण्यापेक्षा त्याचा बोर्ड काढावा. पण त्याआधी परदेशी बोर्ड तालुक्यात किती येतो ते कळायला हवं. त्या मोजणीसाठी मला तीन महिन्यांवर घेतलं होतं. एक टेबल, एक खुर्ची, एक वही. टेबलावर पांढऱ्या रंगात माझं नाव लिहिलेली पाटी: विजयमाला केदारी सुतार. ती पाटी मी दिवसातून चार वेळा पुसायची.

मोजायची रीत मीच काढली होती. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्याला एक हिरवी चिठ्ठी चिकटवलेली असे. बोर्ड कापायच्या आधी मिस्त्रीनं ती सोलून ठेवायची आणि महिन्याअखेर मी फिरून गोळा करायची. दहा चिठ्ठ्यांना कारखान्यातर्फे एक चपटी लाल पेन्सिल. तेवीस मिस्त्र्यांना मी हे समजावून सांगितलं, आणि तेवीसही जणांनी पेन्सिल आधी मिळेल का म्हणून विचारलं.

आषाढाच्या अखेरीला सात चिठ्ठ्या मिळाल्या. अख्ख्या तालुक्यात सात. आठवी साबणाच्या वडीची होती, ती मी वेळेत वाचून बाजूला काढली.

बोर्डाच्या कामाचे प्रमुख होते बाळगोंडा पाटील. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी माझा कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

“सात बोर्डांसाठी कारखाना काढायचा म्हणजे, बाई, एका म्हशीसाठी डेअरी काढल्यागत झालं की हो.”

मग त्यांनी सरळ सांगितलं. तिसऱ्या महिन्याची आवक शंभरावर गेली तर हे टेबल कायम. नाही गेली तर दसऱ्यानंतर मोजायला काही उरत नाही.

आणि मोजायला काही उरलं नाही तर सुरत होतीच. मावशीनं तिकडचं स्थळ आणलं होतं. मुलगा कापडाच्या गिरणीत होता, चांगला होता, फोटोत हसतही होता. नोकरी कायम झाली तर बोलणी वर्षभर पुढे ढकलू, नाही झाली तर मार्गशीर्षात उरकू, असं आई आणि मावशीनं ठरवलं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, बघू. आबांना विचारलं तेव्हा ते उठले, कानस घेतली आणि करवतीला धार लावायला बसले.

हे नेहमीचंच होऊन बसलं. सुरतेचं नाव निघालं की आबा करवत घासायला बसायचे. मावशी दोन दिवस राहायला आली तर घरातल्या सगळ्या करवती अशा लखलखल्या की आईनं त्यांच्याजवळून जायचं सोडलं.

“अवं, हां म्हना न्हाईतर न्हाई म्हना,” आई म्हणायची.

खर्र, खर्र. एवढंच उत्तर.

त्याच सुमाराला कोल्हापुरातल्या बोर्डाच्या एका व्यापाऱ्याचं पत्र आलं. आबांचा प्रश्न मी त्याला लिहून विचारला होता. त्यानं बिचाऱ्यानं पुढे कुणाकुणाला विचारून सविस्तर कळवलं होतं. जेवताना मी ते वाचून दाखवलं. ते झाड म्हणजे रबराचं झाड. मलेशियात त्याच्या बागा असतात. सालीला तिरकी चीर देतात, खाली वाटी बांधतात आणि त्यातून दुधासारखा चीक वाटीत ठिबकत राहतो. पंचवीस-तीस वर्षं झाड असं दुभतं. मग दूध आटतं. आटलं की तोडतात, पिंजतात, दाबतात आणि बोटीत घालून पाठवतात.

आईच्या जिभेवर ओवी कायम तयार असायची. जात्यावरचं दळण गेलं, पण ओव्या तिच्यातून गेल्या नव्हत्या. भाकरी थापता थापता तिनं सहज म्हटलं,

दूध आटलं झाडाचं, झाड चढलं बोटीवर
लेक दिल्यावानी दूर, सात समुद्राच्या पार

मी हसले. आबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी ताटात पाणी घातलं आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं मी पाहिलं तर उंबऱ्याबाहेरचा तो तुकडा उचलून त्यावरची धूळ ते धोतराच्या सोग्यानं पुसत होते. मला वाटलं, आता गोठ्यामागं फेकतील.

श्रावण संपताना मी पुन्हा फेरीला निघाले, तेव्हा सुरतेत थंडी किती पडते याची मनातल्या मनात चौकशी करत होते. पहिलंच दुकान भैरू मिस्त्रीचं. त्यानं डबा उघडला आणि बावीस चिठ्ठ्या माझ्यापुढे ओतल्या. शिवलिंग बडिगेरकडे एकोणीस. बाकीच्यांकडे मिळून सतरा. अठ्ठावन्न.

मी दोनदा मोजल्या, मग उन्हाला धरून बघितल्या. खऱ्या होत्या. मला पेन्सिलींचा संशय आला, पण अठ्ठावन्न चिठ्ठ्यांच्या पाच पेन्सिली होतात, आणि पाच पेन्सिलींसाठी इतका उपद्व्याप तालुक्यात कुणी केला नसता. काय एवढं काम निघालं म्हणून भैरूला विचारलं, तर तो म्हणाला, आलंय वारं. शिवलिंगला विचारलं, तर तो माझ्याशी एकदम कानडीत बोलायला लागला. एरवी तो मराठीत भांडायचासुद्धा.

हायस्कूलच्या पाटीलबाई रस्त्यात भेटल्या. त्या सांगू लागल्या की सागवानाचं कपाट करायचं म्हणून तुमच्या वडिलांकडे गेले, तर तेच म्हणाले की बोर्डात करा, लौकर होतंय, भैरूकडे जा. मी म्हटलं, बाई, तुम्ही दुसऱ्या कुठल्या केदारी मिस्त्रींकडे गेला असाल. त्या म्हणाल्या, असेल बाई, पण मिशा त्याच होत्या.

घरी आईची वेगळीच तक्रार. आबा हल्ली दुपारी जेवले की बाहेर पडत. विचारलं तर म्हणत, देवळाच्या रथाचं काम आहे. परत येत तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांत, सदऱ्याच्या शिवणीत तपकिरी पीठ बसलेलं असे, गव्हाच्या जाड्या पिठासारखं. आणि शिंका. एका बैठकीत सात-सात. सागवानाला रंधा मारला की कुरळ्या ढलप्या पडतात. आबांच्या अंगाला आयुष्यभर त्याच चिकटत आल्या होत्या. पीठ कधी नव्हतं. आई सदरा झटकायची आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची,

माझ्या सुताराच्या अंगा, पीठ लागलंय कशाचं
जातं न्हाई फिरवलं, बाई, दळण कुणाचं

शेजारीण हसायची. आबा शिंकायचे. रथाचं लाकूड जुनं आहे, किडीनं भुगा धरलाय, असं त्यांनी एकदा सांगितलं आणि मला ते खरंही वाटलं. मी तेव्हा वहीत बुडालेले होते. दोन महिन्यांचे दोन ठिपके जोडून मी एक रेघ ओढली होती आणि ती रेघ माझ्या टेबलाकडे चालली होती.

आश्विनात घट बसले. अष्टमीपर्यंत मी सगळी फेरी संपवली. एकशे एकतीस.

अण्णांनी कागद यावेळी जवळ धरून वाचला. सात, अठ्ठावन्न, एकशे एकतीस. त्यांनी चष्मा काढला.

“बाई, तीन महिन्यांत एवढं तर गवतसुद्धा वाढत नाही. चला, दाखवा मला.”

त्यांच्या जीपमधून आम्ही भैरूकडे गेलो. त्याच्या शेडमध्ये चार कपाटं, दोन ड्रेसिंग टेबलं आणि शाळेची पुस्तकं ठेवायची एक लांबलचक मांडणी उभी होती. सगळं बोर्डाचं. अण्णांनी टिचक्या मारल्या, दारं उघडली, मिटली. कोन असे काटकोनात की दार नुसतं सोडलं तरी आपोआप जागेवर जाऊन टेकत होतं. भैरूच्या हातची दारं मी लहानपणापासून ओळखत होते. त्यांना ढुंगणानं ढकलावं लागायचं.

अण्णांनी एक खण बाहेर ओढला आणि बोर्डाची जाडी बघायला उलटा केला.

तळाला कणीस होतं.

बोर्डात पटाशी नीट चालत नाही. धागाच नसतो, कड पिठासारखी ढासळते. त्यामुळे दाणे अर्धेमुर्धे उठले होते. चिमण्यांनी खाऊन ठेवल्यासारखं कणीस. पण देठाला डावीकडे तोच बाक होता, आमच्या पाळण्याच्या पाटीखाली होता तसाच.

“हे काय?” अण्णा म्हणाले.

“कंपनीची निशाणी असंल, सायेब,” भैरू म्हणाला. “मलेशियाची.”

“मलेशियात जोंधळा पिकतो काय रे?”

भैरू माझ्याकडे बघू लागला. मी दुसरा खण ओढला. कणीस. कपाट थोडं पुढे घेऊन पाठ बघितली. कणीस. पुढे भैरूलाही जीपमध्ये घेऊन शिवलिंगच्या शेडमध्ये गेलो. तिथं मी सरळ खण उलटे करत सुटले आणि शिवलिंग कानडीत देवाचं नाव घेत राहिला. कणीस, कणीस, कणीस. आमच्या शेतातसुद्धा त्या वर्षी एवढं पीक नव्हतं.

आता काय करायचं ते मला कळत होतं आणि करवत नव्हतं. माझं नाव लिहिलेली पाटी डोळ्यांपुढे आली. चिठ्ठ्या खोट्या नव्हत्या. एकही बोर्ड खोटा नव्हता. गप्प बसले असते तर कुणी मला खोटी म्हटलं नसतं. अण्णा जीपकडे निघालेसुद्धा होते.

“अण्णा,” मी म्हटलं, “ही निशाणी माझ्या वडलांची आहे.”

मग भैरू आणि शिवलिंग दोघांनाही एकदम मराठी फुटलं. दुपारी दोन ते सहा केदारी मिस्त्री आमच्याकडे येतात. बोर्डाचा टेम्पोही तेच बोलावतात. गिऱ्हाईकही तेच पाठवतात. काम तेच करतात, नाव आमचं. चिठ्ठी मात्र फळी कापायच्या आधी स्वतः सोलतात आणि डब्यात टाकून झाकण लावतात. भैरूनं एकदा म्हटलं होतं, कोल्हापुरातल्या गोडाऊनमधनं मूठभर चिठ्ठ्या आणू की, कशाला एवढा घाम. त्यावर आबांनी त्याला वाकस दाखवली होती. माझी पोरगी खोटं मोजणार न्हाई, म्हणाले होते, आणि मी तिला खोटं मोजायला देणार न्हाई.

मी तिथेच वहीत वजाबाकी केली. एकशे एकतीसमधून त्या दोघांनी मोजून सांगितलेले आबांचे त्र्याण्णव गेले. उरले अडतीस.

“त्या त्र्याण्णवांची कपाटं विकली गेली?” अण्णांनी विचारलं.

“घराघरात गेली, सायेब,” भैरू म्हणाला. “आणखी मागायला लागल्यात लोक.”

अण्णांनी त्या चिमण्यांनी खाल्लेल्या कणसावर अंगठा फिरवला. मग म्हणाले की अहवालात अडतीस लिहा, त्र्याण्णव लिहा आणि तळटीप घाला. आणि दसरा झाला की कामावर या, मोजणाऱ्या माणसाची गरज आहे. वजाबाकी येणारं माणूस आमच्याकडे एकही नाही.

बोर्डाचा कारखाना पुढे झालाच नाही. चिपाड जाळून वीज करायची टूम निघाली आणि सगळं चिपाड तिकडे गेलं. परदेशी बोर्ड मात्र येत राहिला. दोन-तीन वर्षांत आबांच्या मदतीशिवायच माझी रेघ कागदाबाहेर गेली. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. तळटीप लिहून काढली: “आवकेतील वाढीचा मोठा भाग एका कारागिराच्या कामामुळे आहे. कारण कळलेले नाही.”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आईनं सोपा सारवला, पाट मांडला. मी हत्यारं पुसून ओळीनं ठेवली. मधे करवत, तिच्या दोन्ही अंगांना रंधा आणि वाकस, पुढे पटाश्या, कडेला कानस. झेंडूची फुलं, हळद, कुंकू. आबा आंघोळ करून आले, धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. पाटापासून चार हात लांब उभे राहिले.

“ह्या वर्षी तू कर पूजा,” ते मला म्हणाले.

आई म्हणाली, काय खुळ्यागत बोलताय, घरधनी तुम्ही. आबा म्हणाले, ती आता कमावती आहे, तिनं करावी. आणि भिंतीला टेकून बसले. आईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि नारळ आणायला म्हणून आत गेली. नारळ पाटाजवळच होता.

मी हळदकुंकू वाहिलं. कानावर फूल ठेवतात तसं करवतीच्या मुठीवर एक झेंडू ठेवला. मग आबांकडे न बघताच म्हटलं,

“करवत लावलीसा न्हवं?”

आबांचा हात सवयीनं पुढे आला आणि तसाच राहिला. कानस पाटावर होती, हळदीकुंकवात. करवतही पाटावर. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. त्यांनी हात मागं घेतला, गुडघ्यावर ठेवला, मग दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला. एवढ्या मोठ्या माणसाला आपले हात ठेवायला जागा सापडेना.

“मी ते बोर्ड वजा केले, आबा. त्र्याण्णव.”

“पंच्याण्णव हुते,” आबा म्हणाले. “दोन भैरूनं चुकीचं कापलं.”

“दोन चिठ्ठ्यांत एक पेन्सिलसुद्धा न्हाई येत.”

ते किंचित हसले. मग शिंकले. शिंक ओसरल्यावर सांगायला लागले की ते झाड अगदीच वाईट नाही, हाताला मऊ लागतं, कुठं गाठ नाही, कुठं रुसवा नाही. एवढ्या लांबून आलंय, कुणीतरी नीट हात लावायला पाहिजे. मग ते रथाच्या चाकाबद्दल थोडं बोलले. मग भैरूच्या कोनांबद्दल. मग तेही संपलं.

“आबा, शपथ मोडलीसा. कशापायी?”

आत आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. आबांनी पाटावरच्या कानशीकडे शेवटचं एकदा बघितलं.

“सुरत लई लांब हाय, माले.”